मेहुण्याच्या गाडीतलं पिनबॉल

खटपट्याचं जगात कोणाशी पटतं, असं गल्लीत कोणी विचारलं तर लोक आधी हसत आणि मग बराच वेळ आठवत बसत. शेवटी एखादा म्हणे, "त्या मशीनशी." तेही अर्धंच खरं होतं. शिव्या मशीनलाही खाव्या लागत. फरक एवढाच, की मशीनला शिवी दिल्यावर खटपट्या त्याच्यावरून फडकं फिरवी. माणसांच्या वाट्याला फडकं येत नसे.

नाणं टाकून चालणाऱ्या खेळांची मशीनं दुरुस्त करणं हा त्याचा उभ्या आयुष्याचा धंदा. ज्या जुन्या खेळघरात तो काम करी ते बंद पडलं तेव्हा बाकीची मशीनं भंगारात गेली आणि हे एक पिनबॉल, म्हणजे काचेखालच्या उतारावर पोलादी गोळी खेळवायचं मशीन, त्याने घरी आणलं. ते ज्या टेम्पोतून आलं, त्या टेम्पोवाल्याने दुसरं एक मशीन काचेवर पालथं घातलं होतं. तेव्हापासून खटपट्याने त्या टेम्पोवाल्याशी, त्याच्या भावाशी आणि सावधगिरी म्हणून शहरातल्या सगळ्याच टेम्पोवाल्यांशी बोलणं टाकलं होतं.

घरात जागा ती किती. पिनबॉल बैठकीच्या खोलीत आलं आणि जेवणाचं टेबल बाहेर गेलं. मग नवरा-बायको पिनबॉलच्या काचेवरच जेवू लागले. काच उतरती असल्यामुळे ताटाखाली फळकूट लावावं लागे. खटपट्याला लहर आली तर जेवता जेवता तो खालचे दिवे चालू करी, मग भात एकदा तांबडा दिसे, एकदा हिरवा. बायकोने यावरून कधी तोंड उघडलं नाही. पण तिच्याविषयी पुढे बोलूच, कारण सगळ्या भानगडीचं मूळ ती बाई आहे.

नवरा एवढा तुसडा, त्यामुळे बोलण्याचं काम तिच्या वाट्याला आलं होतं. दूधवाल्याला नवऱ्याचा निरोप तीच सांगे, घरमालकाला तीच सांगे, आणि नवऱ्याच्या तोंडून जे निघे ते जसंच्या तसं पुढे पोचलं असतं तर या घरावर रोज दगड आले असते. 'त्या गाढवाला म्हणावं, जिना धुतो की जिन्याला आंघोळ घालतो?' असा निरोप तिच्या तोंडून जाई तो 'जिना छान स्वच्छ ठेवता हं तुम्ही, जरा पाणी कमी वापरा' असा. शेजारणी तिला टपालबाई म्हणत. पाकीट फोडून आतलं पत्र बदलणारी टपालबाई जगात हीच एक.

तिचं सर्वात मोठं टपाल म्हणजे नवरा आणि तिचा धाकटा भाऊ यांच्यामधलं. भावाचं गाद्या-उशांचं दुकान होतं. सगळे त्याला गादीवालाच म्हणत. या दोघांत विस्तव जात नव्हता, आणि का जात नव्हता ते ऐकण्यासारखं आहे.

गादीवाल्याचं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन तो भाऊजींच्या खेळघरात गेला होता. मोठेपणा दाखवायला म्हणून याच पिनबॉलवर खेळला. कधी नाही ते गोळी त्याच्यावर प्रसन्न झाली. पोलादी गोळी खाली पडेचना, दिव्यांचे आकडे चढतच गेले, आणि खटपट्याने स्वतः केलेला सर्वात मोठा आकडा या गादीवाल्याने सासऱ्यांच्या देखत मोडला. खटपट्या दुसऱ्या टोकाला एक मशीन उघडून बसला होता. तिथून उठून आला, आकडा पाहिला आणि भरल्या खेळघरात म्हणाला, "पुढच्या पायांखाली बूट घातले होतेस. चोर आहेस." पुढचे पाय उंचावले की मशीनचा उतार कमी होतो, गोळी सुस्तावते आणि कोणीही ऐरागैरा बराच वेळ खेळू शकतो. ही लबाडी या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. लग्न मोडलं नाही. पण गादीवाला सासरी जेवायला गेला की सासरे नंतर स्वयंपाकघरात जाऊन चमचे मोजतात, असं खुद्द त्याची बायको सांगे.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एका खोलीत असले तरी जे बोलायचं ते हिच्यामार्फत. "अगं, तुझ्या भावाला सांग, पंखा बंद कर." भाऊ पंख्याखालीच बसलेला. तो ऐके, पण हलत नसे. मग बहीण त्याच्याकडे वळून म्हणे, "दादू, पंखा जरा बंद करतोस का रे?" मग तो उठे. बायकोच्या तोंडून आलं नाही ते आलंच नाही, असा खटपट्याचा कायदा होता आणि मेहुण्यानेही तो अक्षरशः पाळला होता.

तर झालं असं, की गावाबाहेरच्या बाजूला एक नवं खेळघर उघडणार होतं. त्याची मालकीण म्हणजे केस बारीक कापलेली, एका वाक्यात काम संपवणारी बाई. तिने खटपट्याला दाराशेजारचा कोपरा देऊ केला: पिनबॉल तिथे ठेवायचं, त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं, ते सांभाळायचं आणि हॉलमधली बाकीची मशीनंही दुरुस्त करायची. घरी बसून बसून खटपट्याचे हात सुकून चालले होते. बायकोचा मिक्सर त्याने कारण नसताना तीनदा उघडला होता. पण बाईंची अट होती. संध्याकाळी उद्घाटन, दुपारी थंड पेयांचं कपाट घेऊन कंपनीची माणसं येणार. "तोवर तुमचं मशीन पायांवर उभं राहून चालू दिसलं तर कोपरा तुमचा. नाहीतर तिथे कपाट बसेल. मग मला सांगायला येऊ नका." कोपरा एकच होता आणि खटपट्याला दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

टेम्पो शक्य नव्हता. राहिली मेहुण्याची गाडी. गाद्या पोचवायला घेतलेली, मागचं बाक पाडलं की पार ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत मोकळी होणारी लांबलचक गाडी. बायकोने कसं जमवलं तिचं तिलाच ठाऊक. नवऱ्याला म्हणाली, दादू स्वतःहून म्हणाला, भाऊजींच्या कामाला नाही कसं म्हणू. भावाला म्हणाली, हे म्हणाले, तुझ्याइतकी जपून गाडी कोणी चालवत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी गादीवाला गाडी घेऊन आला. गाडीच्या सीटवर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. बसणारा घामाने चिकटला तरी ते काढायचं नाही, असा त्याचा दंडक. खटपट्याने काम सुरू केलं. गोळ्या बाहेर काढून मोज्यात बांधल्या. आकड्यांची पेटी, म्हणजे मशीनचं डोकं, बिजागरीवर पुढे पाडून पट्ट्याने आवळली. मशीनखाली खोकी सरकवली आणि चारही पाय सोडवले. बोल्ट स्वतःच्या खिशात टाकले, कारण ते दुसऱ्या कोणाच्या खिशात असणं त्याला सहन झालं नसतं. गादीवाल्याने गाडीत जुन्या रजया अंथरल्या, मशीनचे लोखंडी पाय उचलले, फुलाफुलांच्या खोळीत गुंडाळले आणि स्टेपनीच्या खणात ठेवून वर झाकण लावलं. मग बहिणीला म्हणाला, "ताई, त्यांना सांग, पाय स्टेपनीच्या खणात आहेत."

खटपट्या हातभर अंतरावर उभा होता. त्याने ते स्वच्छ ऐकलं. पण बायकोच्या तोंडून आलं नाही.

आणि बायको नेमकी त्याच क्षणी दुसरंच काही पाहत होती. मशीन आत सरकलं, दोन्ही बाजूंनी रजया कोंबल्या गेल्या, आणि तिच्या लक्षात आलं की मागे आता उंदरालाही बसायला जागा नाही. पुढे दोनच सीटा. तिचा चेहरा उतरला. खटपट्याला वाटलं, मशीन घरातून चाललं म्हणून वाईट वाटतंय. तो चक्क तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "टेबल आणू आता." ती म्हणाली, मी रिक्षाने मागून येते. तो म्हणाला, काही गरज नाही. ती म्हणाली, निदान वाटेत काही बोलू नका. तो म्हणाला, मी बोलतो कुठे त्याच्याशी.

गाडी निघाली. पाय स्टेपनीच्या खणात आणि निरोप बाईच्या पोटात राहिला.

पहिला गतिरोधक आला तसा खटपट्या कळवळला. गादीवाला आरशाला म्हणाला, "काही लोकांना वाटतं रस्ता मीच बांधलाय." खटपट्या खिडकीच्या काचेला म्हणाला, "काही लोकांना ब्रेक कुठे असतो ते अजून सापडायचंय." दूध विकणाऱ्या गाडीला वाट दिली, सिग्नलला थांबले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. प्लास्टिकला चिकटलेला खटपट्या जरा हलला की फर्रकन आवाज होई आणि गादीवाल्याच्या कपाळावर आठी पडे.

पुलाच्या चढावर गादीवाल्याला राहवलं नाही. आरशाला म्हणाला, "एकदा स्वतःची चूक कबूल केली ना माणसानं, की मग नरमाईनं राहावं."

खटपट्याला आश्चर्य वाटलं. स्वतःच्या तोंडाने बोलतोय, म्हणजे थोडी तरी लाज आहे. तो काचेला म्हणाला, "अगदी बरोबर. कबूल केलंय तर वर तोंड करून बोलू नये."

"तेच म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतोय."

गाडी पुलाच्या माथ्यावर पोचेपर्यंत दोघंही समाधानात होते. मग गादीवाल्याच्या डोक्यात काहीतरी खुपलं. त्याने आरसा सोडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वळवून भाऊजींकडे पाहिलं. "कोणी कबूल केलंय?"

"तूच की."

"मी? भाऊजी, कबूल तुम्ही केलंत. ताईनं सांगितलं मला. जेवताना घास खाली ठेवलात, डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणालात, पोरावर उगाच आळ घेतला. वर म्हणालात, त्याच्यापाशी विषय काढू नकोस, मला लाज वाटते. म्हणून मी आजवर विषय काढला नाही."

खटपट्याच्या डोळ्यांत पाणी फक्त सोल्डरच्या धुराने येई. "मला सांगितलं," तो म्हणाला, "की तू तिच्यापाशी आलास, तिचे पाय धरलेस आणि म्हणालास, ताई, बूट घातले होते मी, पण भाऊजींना तोंड दाखवायची हिंमत नाही."

"मी पाय धरले? ताईचे?"

"असं ती म्हणाली."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. पुलाच्या माथ्यावर गाडी थांबलीय हे दोघांनाही कळलं नव्हतं.

एरवी दोन माणसं इथे हसली असती, किंवा त्या बाईवर तरी संतापली असती. यांना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की आपण लुटले गेलो. इतकी वर्षं जो मोठेपणा गाजवला, मनातल्या मनात समोरच्याला जी क्षमा करून टाकली होती, ती सगळी फुकट गेली. खटपट्या म्हणाला, मी तुला माफ केलं होतं, ते परत घेतो. गादीवाला म्हणाला, घ्या, मला तुमचं काही ठेवायचंच नाही, आणि तुमची बहीण असती ना माझ्या घरात, तर... मग त्याच्या लक्षात आलं की बहीण आपलीच त्यांच्या घरात आहे, आणि त्याने ते वाक्य अर्धंच सोडून गिअर टाकला. पूल उतरेपर्यंत दोघांनी एकमेकांची खानदानं काढली. त्यातला बराचसा भाग सोयरिकीने एकच असल्यामुळे शिव्या फिरून स्वतःलाच लागत होत्या, पण तेवढा विचार करायला कोणाला फुरसत होती.

नव्या खेळघराच्या दाराशी खटपट्याने आतून दोन कामगार बोलावले, मशीन उतरवून कोपऱ्यात नेऊन आडवं ठेवलं, परत येऊन गाडीचं दार असं आपटलं की प्लास्टिक थरथरलं. "जा," तो म्हणाला. गादीवाला गेला. पुढच्या चौकात त्याला पायांची आठवण झाली होती, हे त्याने नंतर कित्येकांना सांगितलं. आठवण झाली आणि त्याने रेडिओ लावला.

आत खटपट्याने पट्टा सोडला, पेटी उभी करून आवळली, गोळ्यांचा मोजा काढला, खिशातले बोल्ट हातात घेतले आणि पायांकडे हात नेला. पाय नव्हते. तेव्हा त्याच्या कानात मेहुण्याचं ते वाक्य जसंच्या तसं वाजलं. ऐकलं होतं, पण जमेला धरलं नव्हतं.

मालकीणबाई जाता जाता थबकल्या. "हे असंच झोपणार आहे?"

तो म्हणाला, पाय येतायत. त्या म्हणाल्या, कपाटही येतंय.

त्याने बायकोला फोन लावला आणि पलीकडून 'हॅलो' यायच्या आत कापला. तिला सांगितलं तर पाय येतील, यात शंका नव्हती. पण ते आणताना ती भावाला काय सांगेल? आपण पुन्हा कुठे घास खाली ठेवून रडलो असू, कोणाचे पाय धरले असू? मेहुण्याचा नंबर त्याच्याकडे नव्हता. कधी लागलाच नव्हता. तो पायी निघाला, तोही असा तरातरा, की रस्त्यातल्या कुत्र्यांनी बाजू दिली.

दुकानात एक नवं जोडपं गादीवर आडवं पडून मऊपणा अजमावत होतं. गादीवाला उशांच्या थप्पीला टेकून बसला होता.

"पाय दे," खटपट्या म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय. तुलाच सांगतोय. पाय दे."

"देतो की. आधी म्हणा, बूट घातले नव्हतेस." गादीवाल्याने जोडप्याकडे हात केला. "तेव्हा लोकांसमोर म्हणालात, आता लोकांसमोर परत घ्या. नाहीतर कोपऱ्यात मशीन लोळू दे. मला काय, माझा लोळणाऱ्यांचाच धंदा आहे."

गादीवरची बाई कोपरावर उठून बसली. नवऱ्याने तिला खूण केली, चल, पण ती हलेना.

खोटं बोलून पाय न्यायचे, हे खटपट्याला एका घोटात जमलं असतं. पण त्याच्या घरात इतकी वर्षं जे गोड खोटं शिजत होतं त्याची चव आज सकाळीच कळली होती. शिवाय एक गोष्ट त्याने आजवर बायकोलाही सांगितली नव्हती. म्हणून तर ती कोणापर्यंत गेली नव्हती.

"मी बूट बघितले नव्हते," तो म्हणाला. "मी लांब होतो. आलो तेव्हा तुझ्या पायांकडे बघितलंच नाही, आकड्याकडे बघितलं. तुझ्यासारख्या कापूस कोंबणाऱ्याला तो आकडा जमणार नाही, असं मला वाटलं. म्हणून चोर म्हणालो. आणि जमणार नाही असं मला अजूनही वाटतं."

गादीवाला उठून उभा राहिला. "म्हणजे बघितलेच नव्हते."

"नाही म्हणालो ना."

"आणि सासऱ्यांसमोर..."

"हो."

गादीवाल्याने किल्ली उचलली. जोडप्याला म्हणाला, निजून राहा, आलोच. बाहेर येऊन त्याने भाऊजींसाठी गाडीचं पुढचं दार उघडलं नाही. खटपट्यानेच उघडलं आणि प्लास्टिकवर बसला. परतीच्या वाटेवर भांडण झालंच, फक्त आता सरळ तोंडावर. गादीवाला म्हणाला, तुम्ही हलकट आहात. खटपट्या म्हणाला, डावीकडे वळ. गादीवाला म्हणाला, मला रस्ता माहीत आहे. आरशाकडे कोणी बघितलं नाही. मागून एक सायकलवाला आदळता आदळता वाचला.

कपाटवाले आले होते. दोरखंडाने आवळलेलं पेयांचं कपाट दाराशी उभं होतं आणि त्यांच्यातला एक जण कोपऱ्याची रुंदी वितेने मापत होता. हॉलचे कामगार दुसऱ्या टोकाला अडकलेले. मशीनचं एक टोक कोणीतरी उचलून धरल्याशिवाय पाय बसणार नव्हते. खटपट्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा म्हणाला, "मी फक्त पाय द्यायला आलोय."

"मग दिलेस. जा."

तो गेला नाही. खोळ बाजूला टाकली, वाकला आणि मशीनचं पुढचं टोक छातीपर्यंत उचललं. खटपट्या खाली बसून बोल्ट आवळू लागला. जितका आवळायचा तितका आवळला, आणि मग थोडा जास्त आवळला, सावकाश. गादीवाल्याच्या मानेच्या शिरा टरारल्या.

"भाऊजी, लवकर."

"मला घाई नाही."

"सोडीन हां."

"सोड. मीच खाली आहे. सुटशील एकदाचा."

कपाटवाला मागे सरकला. गादीवाल्याने सोडलं नाही. त्याने दात आवळून एवढंच विचारलं, की बायकोशी घरीही असंच बोलता का. आणि मग मागचं टोकही त्यानेच उचललं.

मशीन उभं राहिलं. वायर भिंतीत गेली, गोळ्या आत गेल्या, दिवे धावले. मालकीणबाई आल्या, एक डाव खेळल्या, अगदीच वाईट खेळल्या आणि कपाटवाल्यांना म्हणाल्या, जिन्याखाली न्या. कोपरा खटपट्याचा झाला. स्टूल कोणीतरी आणून ठेवलं. दमलेला गादीवाला त्याच्यावर आधी बसला.

तेवढ्यात काचेवर ठेवलेला फोन वाजू लागला. बायकोचा होता. खटपट्याने तो चालू केला, पण कानाला लावला नाही.

"हॅलो," फोनमधून बारीक आवाज आला. "पोचलात का? दादू नीट वागला ना? अहो? हे बघा, तो काही बोलला असेल तर मनावर घेऊ नका, त्याचा स्वभावच तसा... हॅलो?"

खटपट्याने फोन मेहुण्याकडे सरकवला. मेहुण्याने मानेनेच नाही म्हटलं आणि एका बोटाने तो परत सरकवला. उताराच्या काचेवरून फोन खाली घसरू लागला. दोघांनी बघितलं, कोणी धरला नाही. तो कडेच्या पट्टीला जाऊन अडकला आणि तिथून बायको हॅलो हॅलो करत राहिली.

"कोणाचा आहे हो फोन?" मालकीणबाईंनी पलीकडून विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.